एकशेबारा पायऱ्या

आईला धाप लागते साठाव्या पायरीवर,
जिथं मेल्चोरांचा निळा पत्रा उन्हात तापलेला असतो
आणि त्यांचं कुत्रं तिला ओळखून शेपूट हलवतं.
ती थांबते.
कुत्र्यासाठी थांबल्यासारखं दाखवते.
खाली चिंबोते, उपसागर, गंजक्या बोटींची रांग,
आणि धुराड्यांतून येणारा तो वास,
ज्याला आम्ही पैशाचा वास म्हणतो.

मी त्या वासाच्या पोटात नोकरी करते.
अँचोवेता, बोटाएवढा चांदीचा मासा,
टनांनी येतो, उकळतो, पिळला जातो,
पेंड एकीकडे, तेल एकीकडे.
मी तेलाची आम्लता मोजते,
थेंब, थेंब, थेंब, गुलाबी छटा टिकेपर्यंत,
आणि आकडा लिहिते.
मग ते तेल टाकीतून जहाजात,
जहाजातून अशा गावांना
जिथल्या लोकांना हृदय असतं.
आम्हाला आपलं काळीज.

दवाखान्यातला डॉक्टर माझ्याहून लहान.
म्हणाला, औषधं चुकवू नका,
आणि जमलं तर ओमेगा-थ्री.
जमलं. एकोणनव्वद सोल.
झाकणाखाली कापूस,
लेबलावर बर्फाचा डोंगर आणि कुठला तरी स्वच्छ समुद्र.
आईनं एक कॅप्सूल तळहातावर घेतली,
उजेडात धरली, टाचणीनं टोचली,
नाकाशी नेली.
आणि हसली की खोकली, मला कळलं नाही.
"आपलाच उपसागर की गं," म्हणाली,
"धुऊन, इस्त्री करून परत पाठवलाय."

तेव्हा मासेमारी बंद होती. तिसरा महिना.
बंदीत हवा इतकी शुद्ध होते
की शेजारच्यांच्या चुलीत काही नाही हेही हुंगता येतं.
बाबा घरी. जाळं तेच, भोकं तीच,
रोज नव्यानं शिवणं.
अशात योल्वी आली, हातात चकचकीत डबा.
क्यू-टेन. नारिंगी पावडर.
"पेशीपेशीत भट्टी असते, होविता,
वय झालं की विझत जाते. हे घाल तिच्यात."
आईनं नीट ऐकून घेतलं.
"बरं. आणि भट्टीत जाळायला काय?
घरात आज नुसता भात आहे."
योल्वी गप्प. तिच्या खाटेखाली असे चाळीस डबे,
कर्ज काढून घेतलेले, हे गल्लीला ठाऊक.
आईनं तीन पुड्या घेतल्या, उधारीवर.
चौथ्या दिवशी बघते तर आई गच्ची झाडत होती.
मी विचारलं, पावडरनं?
म्हणाली, "नाही. सोमवार आहे."

मग बंदी उठली.
बाबा पहाटे दोनला गेले, दार न वाजवता.
धुराडी पेटली. वास आला,
आणि सगळ्या गल्लीनं छाती भरून घेतला, मीही.
संध्याकाळी डब्यात मूठभर अँचोवेता लपवून आणली.
फाटकावरचा फाउस्तो
तेवढ्या वेळापुरता आकाशाकडे बघत राहिला.
हा मासा कोंबड्यांचा, डुकरांचा, परदेशाचा,
आमच्यात कुणी मुद्दाम खात नाही.
आईनं डोक्यासकट तळला.
लिंबू, मिरची.
अकरा खाल्ले. बोटं चाटली.
बाराव्यावर बाबांसाठी ताट झाकलं.

परवा ती अठ्ठ्याहत्तराव्या पायरीवर थांबली.
तिथं काही नाही. ना दार, ना कुत्रं,
थांबायला निमित्तसुद्धा नाही.
कठड्याला धरून उभी, खाली बघत.
दूरवर बोटींचे दिवे लागत होते,
त्यातला एक बाबांचा, कुठला ते सांगता येत नव्हतं.

अठरा पायऱ्या.
मी मोजणारी बाई, मला कारण हवं:
अर्धी बाटली? तीन पुड्या? अकरा मासे?
की घरात पुन्हा आलेला पगार?
कुठला थेंब पडला आणि रंग बदलला?
माझ्या वहीत याला रकाना नाही.

"काय झालं?" मी विचारलं.
श्वास जागेवर यायला वेळ लागला तिला.
"मेल्चोरांचं कुत्रं," ती म्हणाली,
"त्याला वाईट वाटलं असेल."